गच्चीला सातबारा नसतो

गेल्या वर्षी आमच्या गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेत, हिशेबपत्रके मंजूर होऊन चहाचे पेले फिरू लागल्यावर, म्हणजे मनातले बोलावयाची वेळ आल्यावर, आमच्या चिटणीसांनी माझ्याकडे वळून विचारले, "अण्णा, वर गच्चीवर तुम्ही मंडळींनी जे काही मांडले आहे, त्याचा शेवटी उपयोग काय?" प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाच्या छताला ओल आल्याची तक्रार त्यांच्या दप्तरी दाखल झाली होती, आणि चिटणीसाने तक्रारीला उत्तर द्यावयाचे असते. माझी हयात सरकारी लेखा खात्यात गेलेली असल्यामुळे 'उपयोग' या शब्दास आकड्यावाचून अर्थ असतो, हे माझ्या बुद्धीस आजतागायत पटलेले नाही. तेव्हा मी त्यांना वर्षभराची मुदत मागितली, आणि व्यापारी मंडळी ज्या दिवशी वहीपूजन करून नवे खाते उघडतात त्या बलिप्रतिपदेस एक जाड लाल वही आणून तिच्या पहिल्या पानावर 'गच्ची : जमाखर्च' असे लिहिले.

आमची गच्ची चार गुंठ्यांची. खाली चोवीस बिऱ्हाडे. पैकी अकरा बिऱ्हाडांनी मिळून सुमारे सहाशे चौरस फूट जागेवर ही लागवड केली आहे. मधोमध कापलेली प्लास्टिकची पिंपे, तांदळाची रिकामी पोती, मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या पेट्या, एका कठड्याशी बांबूंचा मांडव आणि त्यावर दोडका, असा तिचा एकंदर थाट. पालक, मेथी, आंबट चुका, मिरच्या, वांगी, पाण्याच्या टाकीच्या गळणाऱ्या तोटीखाली आळू, आणि कोणी लावला हे कोणालाच आठवत नाही असा एक कढीपत्ता. मेथीचे कोंब वर आले की पारवे येतात, वांगी फुलावर आली की मावा येतो, आणि दोन्ही संकटांतून जे वाचते ते उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले चेंडूने पाडतात. वहीच्या पहिल्या महिन्याच्या नोंदी वाचून माझ्या पत्नीने, "याहून जास्त मेथी मी मंडईत घासाघीस करून फुकट मिळवीत्ये," असा शेरा मारला. तो शेरा लेखापरीक्षकाच्या शेऱ्याइतकाच बिनतोड होता.

परंतु एका गच्चीवरून निर्णय द्यावयाचा नाही, एवढी शिस्त मी नोकरीत शिकलो आहे. शहरात अन्न पिकवणे हा खटाटोप करण्यायोग्य आहे काय, हा प्रश्न आमच्या सोसायटीहून जुना आणि पुष्कळच मोठा आहे. म्हणून वही एकीकडे चालू ठेवून मी या प्रश्नाच्या मागे थोडे हिंडावयाचे ठरविले. त्या हिंडण्याचा हा वृत्तांत आहे.

*

प्रथम धान्याचा हिशेब उरकून घेऊ, कारण तो थोडक्यात उरकणारा आहे. चौघांच्या कुटुंबास वर्षाला सुमारे पाच क्विंटल धान्य लागते. महाराष्ट्रात गव्हाचे पीक एकरी सरासरीने सात क्विंटलांच्या आसपास येते. म्हणजे एका कुटुंबाच्या पोळीसाठी अठ्ठावीस-एकोणतीस गुंठे जमीन कोठे ना कोठे राबत असली पाहिजे, आणि आमच्या चोवीस बिऱ्हाडांसाठी सतरा एकर. गच्ची चार गुंठे. उद्या आम्ही पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली धुणी आणि सूर्यशक्तीचे बंब हलवून इंच न् इंच गहू पेरला, तरी तो आम्हांस दोन दिवसांपलीकडे पुरावयाचा नाही. 'शहराने आपले अन्न आपण पिकवावे' अशी उत्साहाची भाषा करणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा तरी करून पाहावा.

उरतो तो भाजीपाला. येथे गणित काहीसे सैल होते, पण गच्चीच्या दोन अडचणी आड येतात, एक भाराची आणि दुसरी पाण्याची. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधकाम करावे, असा आपल्याकडील स्थापत्याचा दंडक आहे. भिजलेल्या मातीचा फूटभर थर त्याच चौरस मीटरवर पाचशे किलोंहून अधिक भरतो. तेव्हा शेतातली माती ट्रकने आणून गच्चीवर ओतणारा गृहस्थ आपल्या डोक्यावर शेत नव्हे, संकट उभे करीत असतो. या अडचणीवर महाराष्ट्रातच दोन व्यक्तींनी मनःपूर्वक विचार केला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मुंबईत वांद्र्याच्या एका गच्चीवर डॉ. रमेश दोशी यांनी उसाचे चिपाड भरलेल्या पिशव्यांतून अत्यल्प मातीवर भाज्या आणि फळझाडे घेऊन दाखविली. आणि कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या द्वारा, पाचोळा, हिरवा पाला आणि शेणमूत्र यांपासून घरच्या घरी माती तयार करण्याची विद्या सामान्य माणसांच्या हाती दिली. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक असल्यामुळे, पानाच्या क्षेत्रफळावर किती ऊन पडते आणि त्यातून किती पीक निघते असा हिशेब ते मांडीत. त्यांच्या 'विपुलाच सृष्टी' या ग्रंथाचे नावच त्यांची श्रद्धा सांगते. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेल्या प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, त्याच स्वयंपाकघरातल्या सालपटांच्या आणि उरल्यासुरल्याच्या खतावर, सुमारे तीन हजार चौरस फुटांत बाग फुलवली. गोदीतल्या कामगारांच्या जेवणातला नासाडीचा भाग वरच्या मजल्यावर जाऊन पुन्हा पान-फूल होतो, ही गोष्ट मला उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटली. तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

पाण्याच्या अडचणीवर मात्र युक्ती चालत नाही. चैत्र-वैशाखात पुण्याच्या उन्हात एका चौरस मीटरवरून दिवसाला सात-आठ लिटर पाणी उडून जाते. आमच्या सहाशे चौरस फुटांस रोज चारशे लिटरांच्या घरात पाणी लागते, म्हणजे पंचवीस दिवसांत एक दहा हजार लिटरांचा टँकर पालक-मेथीने पिऊन टाकावा! ज्या महिन्यात खाली जिन्यात 'पाणी जपून वापरा' अशी पाटी लागलेली असते, त्या महिन्यात वर पाणी घालणाऱ्याच्या मनात अपराधाची बोच असतेच. आम्ही त्यावर जुन्या वाड्यांतला तोडगा काढला. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून वर न्यावयाचे. पूर्वी न्हाणीघराच्या मोरीचे पाणी परसातल्या आळूला आणि केळीला जाई, आणि त्यासाठी कोणी पर्यावरणाचे नाव घेत नसे. त्याला घरकाम म्हणत.

*

'परस' हा शब्द मी सहज लिहून गेलो खरा, पण त्याच्या मागे एक संबंध नगररचना उभी आहे. पुणे हे शहर मुळात मळ्यांच्या आणि बागांच्या मधोमध वसलेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले गेले. आज जेथे मंडईची अष्टकोनी इमारत उभी आहे ती जागा खासगीवाल्यांच्या मालकीची होती. महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून 'फुले' हे नाव चिकटले. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राचा एक आद्य विचारवंत शहरानजीकच्या बागाईतातून उगवला, असे म्हणावयास हरकत नाही. स्वतः जोतीरावांची मांजरीस जमीन होती, खडकवासल्याच्या धरणावरून निघालेल्या कालव्याचे पाणी शेतीस कसे लावावे याचा त्यांस अनुभव होता, आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना भव्य मंडई बांधण्याच्या खर्चास त्यांनी विरोध केला. तरी १८८६ साली ती रे मार्केट या नावाने उभी राहिली, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला विरोधकाचेच नाव देण्यात आले. इतिहासाच्या असल्या थट्टेत एक न्याय असतो. मंडई पिकवणाऱ्याच्या नावाने ओळखली जावी, हे योग्यच झाले.

या मळ्यांना खत कोठून मिळे? शहरातून. मैल्यापासून बनविलेल्या खतास आपल्या भाषेने 'सोनखत' हे नाव दिले, यात उपहास नाही, मोल आहे. पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सोनखत कालव्यावरचे उसाचे बागाईतदार पैसे मोजून विकत घेत. ते वाहणाऱ्या आणि तयार करणाऱ्या माणसांच्या वाट्यास समाजाने जे जिणे दिले ते घोर अन्यायाचे होते, आणि ती व्यवस्था गेली ते उत्तम झाले. परंतु माणसाची विटंबना थांबवताना मातीचे येणे बुडविण्याची आवश्यकता नव्हती. ते मात्र आपण बुडविले.

जर्मनीतला एक जमीनदार, योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन, याने १८२६ साली एका काल्पनिक नगराचे चित्र रेखाटले होते. सपाट, सारख्या कसाची भूमी, मध्यभागी एकच शहर. तर त्याच्याभोवती कोणती पिके कोठे घ्यावीत? त्याच्या उत्तरात शहरास लागून पहिले कडे निघते ते दूध आणि भाजीपाल्याचे, कारण हा माल नाशवंत, लांबचा प्रवास न सोसणारा. त्यानंतर जळाऊ लाकडाचे रान, मग धान्य, आणि सर्वांत बाहेर गुरांचे कुरण. या मांडणीतली एक बारीक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. पहिल्या कड्याची हद्द कोठे संपते? तर शहरातले खत गाडीत घालून नेणे जेथवर परवडते तेथे! म्हणजे भाजी शहराकडे येते तो रस्ता आणि खत शहरातून जाते तो रस्ता, दोन्ही एकच, आणि भरलेली गाडी दोन्ही दिशांनी धावते. थ्यूनेनने पुणे पाहिले नव्हते, पण हडपसर-मांजरीचा बागाईतदार त्याच्या सिद्धान्तावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

*

शहरवासीयांनी स्वतः कुदळ हाती घ्यावी, ही कल्पना संकटकाळी हटकून वर येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सार्वजनिक वाफ्यांची संख्या चौदा लाखांवर गेली, आणि अमेरिकेत परसबागांतून देशाच्या ताज्या भाजीपाल्याचा मोठा हिस्सा निघू लागला. आपल्याकडे ब्रह्मदेश पडल्याने तांदळाची आयात तुटली, बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मेली, आणि १९४३ साली 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. स्वातंत्र्यानंतरही ती चालूच राहिली. १९५२ साली व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची तपासणी करून, खेड्याच्या सर्वांगीण जीवनाचा विचार केल्यावाचून केवळ धान्य वाढवू म्हणून धान्य वाढत नाही, असा निष्कर्ष काढला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० नंतर क्यूबामध्ये तेल आणि खत बंद झाले, तेव्हा हवानाच्या रिकाम्या भूखंडांवर सेंद्रिय वाफे उभे राहिले. या सर्व उदाहरणांचे तात्पर्य एकच दिसते. बाहेरची आवक तुटली की शहर पिकवू लागते. आवक सुरू झाली की कुदळ माळ्यावर जाते. ही नागरिकांची लबाडी नाही. माणूस आपल्या वेळेचा हिशेब मनात ठेवीतच असतो.

त्या युद्धकालीन मोहिमेचा एक वंशज मुंबईत दीर्घकाळ दृष्टीस पडत आला. लोकलच्या खिडकीतून ज्यांनी कधी बाहेर पाहिले असेल, त्यांना रुळांच्या बाजूस पालक, लाल माठ आणि भेंडीचे आखीव वाफे आठवतील. पडीक जमिनीवर अतिक्रमण होऊ नये आणि भाजीही पिकावी, या दुहेरी हेतूने रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांस ती जमीन 'अधिक धान्य पिकवा' याच नावाच्या योजनेखाली खंडाने देत आली. प्रत्यक्ष राबणारा बहुधा दुसराच कोणी असे, गावाकडून आलेला, वाफ्याच्या कडेच्या खोपटात राहणारा. पाणी कोणते, हे विचारावयाची सोय नसे. नाल्यावर पंप लावलेला दिसे. पालेभाजी ही मोठी इमानी जात आहे. पाण्यातून शिसे आले, कॅडमियम आले, तर तेही ती निमूटपणे पानात साठवते. म्हणून 'शहरात पिकलेले ते ताजे, आणि ताजे ते निर्मळ' हे समीकरण मांडण्यापूर्वी पाण्याची चौकशी केली पाहिजे. याच मुंबईच्या उत्तरेस वसईचा बागाईतदार विहिरीच्या पाण्यावर केळी, भाजी आणि फुले पिकवून पहाटेच्या गाडीने शहरात धाडीत आला. एकाच महानगराच्या पोटात नाल्यावरचा वाफा आणि विहिरीवरची वाडी, दोन्ही नांदत आली. खाणाऱ्याला जुडीवरून ओळखू येत नाही, इतकेच.

*

मैल्याच्या पाण्याचे नाव काढले की कलकत्त्याकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. शहराच्या पूर्वेस पाणथळ भूमीचा साडेबारा हजार हेक्टरांचा विस्तार आहे. तेथे जाण्याचा योग मला आला. सांडपाण्याचा काळाशार कालवा, त्यातून निघालेले पाट, पाटाच्या तोंडाशी बांबूच्या जाळ्या, आणि पलीकडे दृष्टी पोचेल तेथवर उथळ तळी. त्यांना 'भेडी' म्हणतात. नाकाला जी अपेक्षा होती ती तळ्याच्या काठाशी पोचेपर्यंत विरून गेली. पाणी कमरेइतकेच, ऊन थेट तळाशी पोचते. त्या उन्हावर शेवाळ वाढते, सूक्ष्म जंतू मैल्याचा फडशा पाडतात, शेवाळ खाऊन रोहू, कटला आणि मृगळ पोसतात, आणि तीन-चार आठवड्यांत पाणी इतके निवळते की ते पुढे भातखाचरांत सोडता येते. काठाकाठाने जलपर्णीची किनार राखलेली असते. आपल्या नद्यांना ग्रासणारी तीच वनस्पती तेथे बांध ढासळू देत नाही आणि धातूंचा अंश शोषून घेते. शेजारी धापा येथे शहराच्या कचऱ्याच्या जुन्या थरांवर फुलकोबी, वांगी आणि मका यांची शेते आहेत. वर्षास सुमारे दहा हजार टन मासळी या तळ्यांतून निघते, आणि ज्या महानगरास मैला शुद्ध करण्यासाठी प्रचंड यंत्रागारे उभारावी लागली असती, त्याचे हे काम कोळी फुकट करतात.

विशेष हे, की ही व्यवस्था कोणा तज्ज्ञाने आखलेली नाही. बिद्याधरी नदी गाळाने मेली, खारे पाणी येईनासे झाले, आणि मच्छीमारांनी मैल्याच्या पाण्यावर मासे वाढविण्याची कला हळूहळू सिद्ध केली. राज्य सरकारचे एक अभियंते ध्रुवज्योती घोष यांना शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते याचा शोध घेता घेता ही तळी सापडली, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी ती वाचविण्यात वेचले. १९९२ साली उच्च न्यायालयाने भराव घालण्यास मनाई केली, आणि २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून तिला रामसर करारान्वये मान्यता मिळाली. तत्पूर्वीच सॉल्ट लेक ही टुमदार वसाहत त्याच पाणथळीवर भराव घालून उभी राहिली होती. अद्यापही कडेकडेने भराव पडतोच. चामड्याच्या कारखान्यांचे पाणी मिसळते, ही चिंताही खरी आहे. तरी शहराने पिकवणे म्हणजे काय, याचे एक शास्त्रशुद्ध उत्तर मला तेथे मिळाले. शहराकडे दोन गोष्टी विपुल असतात, सांडपाणी आणि कचरा. या दोहोंवर जे पिकते तेवढेच शहराचे स्वतःचे पीक. बाकी सगळे उसने.

उसनवारीचे टोक पाहावयाचे असेल तर परदेशांतल्या बंदिस्त इमारतींतल्या शेतीकडे पाहावे. तेथे मजल्यावर मजले रचून, विजेच्या जांभळ्या दिव्यांखाली, मातीवाचून कोशिंबिरीची पाने वाढवितात. न्यू जर्सीतली एरोफार्म्स ही या क्षेत्रातली अग्रगण्य कंपनी. २०२३ साली तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. सूर्य जे फुकट देतो ते विजेच्या देयकावर विकत घ्यावयाचे, आणि मग ते सॅलडच्या पानाच्या भावात वसूल करावयाचे, हा व्यापार आमच्या मंडईतल्या कुठल्याही मामीने पहिल्याच दिवशी नाकारला असता.

*

अखेरीस मी पिंपळे सौदागरला गेलो, आणि जाताना एक जुना ग्रंथ बरोबर नेला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पवनेकाठच्या या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातील ग्रामीण अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा तो एक पायाचा दगड मानतात. मानसाहेबांनी जुनी दप्तरे धुंडाळून दाखविले, की १७७१ साली या गावात खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती. १९१५ साली ती ७ एकरांवर आली. वाटण्या होत गेल्या, तुकडे पडत गेले, आणि बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह केवळ जमिनीवर होईना. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातली मजुरी संसाराला हातभार लावी. म्हणजे शहर त्या शेताच्या बांधाशी शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसले होते. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हव्यासाबद्दल शहरी माणसे उच्चरवाने बोलतात, त्यांनी हा ग्रंथ वाचावा. त्याला जमिनीने पोसणे केव्हाच सोडले होते. मग तिच्या सातबाऱ्यावर बिगरशेतीचा फेरफार पडला, एवढेच.

आज तेथे पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. एका इमारतीच्या सज्जात मला मिरचीची कुंडी दिसली. थ्यूनेनचे पहिले कडे येथेच कोठेतरी असावयाचे. ते आता पुरंदर, खेड, जुन्नरकडे सरकले आहे, आणि तेथूनही पुढे सरकेल. कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचे भाव मार्केट यार्डात शेकड्यावर फुटतात. रात्री टेंपो भरून पहाटे गुलटेकडीला आलेल्या शेतकऱ्याला भाव पडला तर माल परत नेणे परवडत नाही. तो तेथेच टाकून रिकामा टेंपो गावी जातो. हा रिकामा टेंपो मला या सगळ्या प्रश्नाचे चिन्ह वाटतो. पूर्वी तो परतताना भरलेला असे.

पुणे शहरात दिवसाला दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यातला मोठा भाग स्वयंपाकघरातला, म्हणजे शेताचाच. वर्षानुवर्षे तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माळावर जाऊन पडला, आणि तेथल्या लोकांनी विहिरी नासल्याच्या तक्रारी करून, गाड्या अडवून, आंदोलने केली. मराठी अमलातल्या इंदूरमध्ये, होळकरांनी दिलेल्या जमिनीवर, अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासूनच्या सात वर्षांत कचरा आणि शेण यांचे थर रचून, वेळोवेळी पालटून, सुपीक खत करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती साऱ्या जगाने उचलली. त्या पद्धतीच्या इतक्या जवळ राहून आपण कचऱ्याचे डोंगर रचावेत, याचे नवल वाटते.

*

पिंपळे सौदागरला ज्यांनी मला गाव दाखवले ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ, पिढीजात शेतकरी, आता एका नातवाच्या सदनिकेत राहणारे. त्यांना मी एकदा आग्रहाने आमच्या गच्चीवर आणले. ते पिंपांमधून सावकाश फिरले, वांग्याचे एक किडके पान खुडून बाजूला टाकले, मग एका पेटीतली मूठभर माती उचलून नाकाशी नेली.

"माती झाक हाये," ते म्हणाले. "पर हिला खालनं ओल न्हाई. वरनं घालाल तवर जगंल."

आणि हात झटकत हसले. "ह्याचा काय सातबारा निघायचा न्हाई, साहेब."

मला वाटते, या प्रश्नावर एवढा नेमका अभिप्राय कोणत्याही समितीने दिला नसता. गच्चीला सातबारा नसतो. ती जमीन नव्हे, आणि गेलेल्या जमिनीची भरपाईही नव्हे. दोन कुंड्यांतली मिरची दाखवून शहराने आपल्या वेशीवरचे मळे बुजवले, तर त्या मिरचीची फसवणूक फार महागात पडेल. भाजीचे पहिले कडे राखावयाचे असेल, तर ते विकास आराखड्यात, कालव्याच्या पाण्यावर, आणि शेतकऱ्याच्या जुडीला मिळणाऱ्या भावात राखावे लागेल; ते काम कठड्याशी उभे राहून व्हावयाचे नाही.

मग चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर काय? वही आता भरत आली आहे. छताची ओल, शोध घेता, पावसाळी नळाच्या फुटक्या सांध्यातून निघाली. गच्चीवरची मेथी निर्दोष सुटली. जमेच्या बाजूस वर्षाची सगळी भाजी, मंडईच्या भावाने धरूनही, पिंपांच्या आणि बियाण्याच्या खर्चाला जेमतेम गाठते. आमची मेहनत धरली तर तूट आहे. हिशेबनीस म्हणून मी ती तूट लपवणार नाही. परंतु मधल्या काळात माझ्या ध्यानात आले, की एक रकाना मी उघडलाच नव्हता. चोवीस बिऱ्हाडांच्या साली, देठ, चहाचा चोथा आणि निर्माल्य, दिवसाला सोळा किलोंच्या घरात, गच्चीवरच्या चार पिंपांत पडतात; पाचोळ्याचे थर देऊन ते काळेभोर, भुसभुशीत होतात. वर्षाकाठी सुमारे सहा टन. तेवढा कचरा आमच्या दारातून फुरसुंगीच्या दिशेने गेला नाही. खतापैकी गच्चीला लागते ते थोडे. उरलेले पोत्यांत भरून ठेवले आहे.

दर आठवड्यास आमच्याकडे पुरंदरहून एक शेतकरी टेंपोने भाजी घेऊन येतो. परवा त्याला मी ती पोती दाखविली. त्याने एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबून पाहिली, आणि भाव विचारला नाही. चार पोती उचलून टेंपोत टाकली आणि बदल्यात दोन जुड्या कोथिंबीर माझ्या हातात ठेवली. टेंपो भरलेला परत गेला. त्या दोन जुड्या जमेस धराव्यात की नाही, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. येत्या पाडव्यास नवी वही उघडताना पहिला रकाना मात्र 'उत्पन्न' असा घालणार नाही. तेथे 'परतफेड' असे लिहीन, आणि चिटणीसांना सहीसाठी तीच वही पाठवीन.